मागे पडण्याचं इंग्रजी

राहुरीहून निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. भाड्याची गाडी. पुढे ड्रायव्हरशेजारी पप्पा, मागे मी आणि माझा नवरा सुहास, आणि आमच्या मध्ये सहा वर्षांची कृपा. आई घरीच थांबली. आपल्याला गाडी लागते, असं ती म्हणाली. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. पाळकसाहेबांनी दारातच प्रार्थना केली, आईने माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची आणखी एक पिशवी कोंबली आणि आम्ही मुंबईच्या विमानतळाकडे निघालो.

पप्पांनी आयुष्यभर एसटी चालवली. एकही अपघात न करता निवृत्त झाले, त्याचा बिल्ला अजून शोकेसमध्ये आहे. अशा माणसाला दुसऱ्याच्या गाडीत बसवणं म्हणजे सासूला सुनेच्या स्वयंपाकघरात नुसतं बसवून ठेवणं. टाकळी ढोकेश्वर मागे पडेपर्यंत ते कसेबसे गप्प राहिले. मग आमच्या ड्रायव्हरने एका वळणावर टँकरच्या पुढे मुसंडी मारली आणि त्यांचं तोंड सुटलं.

"आरं, त्यानं साइड दिली का तुला? न्हाई ना? मंग कशापायी घुसतो?"

"काका, फ्लाइट हाय ना त्यांची."

"फ्लाइट रातची हाय. आता कुठं दहा वाजल्यात."

माळशेज घाट उतरून कल्याण येईपर्यंत हेच चाललं होतं. मी मागे बसून मनात म्हणत होते, पप्पा, आज तरी गप्प बसा. आज तरी माझ्याशी बोला. पण ते रस्त्याकडेच बघत राहिले, आणि विमानतळावर ट्रॉली माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "कागदं नीट ठिव." कृपा सुहासच्या खांद्यावर झोपली होती. तिला उठवू नकोस, असं मीच सांगितलं. त्याबद्दल मला अजून स्वतःचाच राग येतो.

त्याआधीची दोन वर्षं मी इंग्रजीशी झटत होते. नगरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मी अकरा वर्षं नर्स होते, शेवटी वॉर्डची इन्चार्ज. काम येत होतं. पण परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यात पत्रलेखनाचा पेपर असतो: एका पेशंटची माहिती देतात, त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला पत्र लिहायचं. मी दोनदा नापास झाले. सावेडीत शेख सरांचा क्लास होता, तिथे ड्युटी संपवून जायचे. एकदा सरावाच्या पत्रात मी लिहिलं की पेशंटच्या तापाने एकशे दोनला ओव्हरटेक केलं. सरांनी वही वर धरली आणि सगळ्या वर्गाला विचारलं, "सिस्टरांचा ताप टेम्पो चालवतो का?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. मग सरांनी फळ्यावर ओळीने लिहून दिलं. आकडा आकड्याच्या वर गेला की एक्सीड. गाडी गाडीच्या पुढे गेली की ओव्हरटेक. माणूस गुणांनी दुसऱ्याच्या वर गेला की सरपास. पळून मागे टाकलं तर आउटरन, चालीने मागे टाकलं तर आउटपेस, आणि पोराला कपडे तोकडे झाले तर आउटग्रो. मी ते सगळं पाठ केलं. आपल्याकडे एका 'मागे टाकणं'मध्ये भागतं. यांना माणसाच्या पुढे जायला एवढे शब्द का लागतात, हे मात्र सरांनाही सांगता आलं नाही. तिसऱ्या वेळी मी पास झाले.

माझ्या वॉर्डात तेव्हा मनीषा नावाची मुलगी होती. कर्जतकडची, नुकती कोर्स करून आलेली. सलाईन लावताना तिचा हात थरथरायचा. एका म्हाताऱ्या आजोबांना तिने तीनदा टोचलं तेव्हा ते ओरडले, ती रडत बाहेर गेली. मी तिला परत आत आणलं, तिच्या हातावर हात ठेवला आणि शीर शोधून दिली. पुढे क्लासचा पत्ताही मीच दिला, माझ्या वह्याही दिल्या. त्या वह्यांत शेख सरांची ती शब्दांची यादीही होती. मनीषा पहिल्याच फटक्यात पास झाली. मला खरंच आनंद झाला होता, हे मी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ज्या गावात मी आले तिथलं हॉस्पिटल लहान, माणसं बरी. ड्युटी मात्र बारा तासांची, कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि पुढच्या आठवड्याचं काही खरं नाही. सुहासची राहुरीच्या विद्यापीठात प्रयोगशाळेतली पक्की नोकरी. ती सोडून यायची त्याची तयारी होती, पण त्याचं एक म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. "मीही तिथे येऊन मिळेल ते काम करणार. तुझी ड्युटी अशी असेल तर पोरीला कोण बघणार? दिवसाची ड्युटी मिळव, दुसऱ्या महिन्यात आम्ही येतो."

दिवसाची ड्युटी म्हणजे कम्युनिटी नर्स. पेशंटच्या घरी जाऊन जखमेचं ड्रेसिंग करायचं, इंजेक्शन द्यायचं, संध्याकाळी पाचला मोकळं. जागाही निघणार होती. अट एकच: गाडी चालवता आली पाहिजे आणि इथलं लायसन पाहिजे. नगरचं लायसन इथे वर्षभर चालतं. माझं ते वर्ष वॉर्डातच संपलं होतं. मी म्हटलं, त्यात काय? एसटी ड्रायव्हरची मुलगी मी.

कीथ नावाचा एक साठीचा गृहस्थ मला शिकवायला यायचा. तो सतत एकच सांगायचा, "मेक प्रोग्रेस, शीला." मला प्रगतीपुस्तकच आठवायचं. रस्ता मोकळा असेल आणि वेग परवानगीपेक्षा फार कमी असेल, तर परीक्षेत तोही गुन्हा, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पप्पांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला हळू जाणं म्हणजे पाप नाही, पुण्य वाटतं.

पहिल्या परीक्षेत शहराबाहेरच्या रस्त्यावर माझ्यापुढे ट्रॅक्टर आला. मागे गवताचे भारे. मी राहुरीची; उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे अर्धं आयुष्य गेलेलं. त्याच्या मागे शांतपणे चालत राहिले. रस्ता सरळ होता, समोरून कुणी येत नव्हतं, माझ्या मागे दहा-बारा गाड्या साठल्या. परीक्षक कागदावर खुणा करत राहिला. परत आल्यावर त्याने कागद पुढे केला आणि फार सभ्यपणे सांगितलं, तुम्हाला ओव्हरटेक करायला चार वेळा संधी होती. नापास.

संध्याकाळी पप्पांना व्हिडिओ कॉल केला. त्यांना आधी खरंच वाटेना.

"हळू चालवली म्हून नापास?"

"हो पप्पा."

"कुनाला धडकली का?"

"नाही."

"मंग त्या मानसाला म्हनावं, एक डाव राहुरीला ये. मी दावतो तुला ओव्हरटेकनं काय व्हतं ते." आणि मग आईकडे वळून, "हिला नापास केली त्येनं. नीट चालवली म्हून."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पुढची तारीख साडेतीन महिन्यांनंतरची मिळाली होती. इथे परीक्षेच्या तारखा अशाच मिळतात. रोज सकाळी फोनवर बघत बसायचं, कुणी रद्द केली का. त्या साडेतीन महिन्यांत कृपाचा आठवा वाढदिवस येऊन गेला.

दुसऱ्या परीक्षेला मी ठरवूनच गेले होते की या वेळी मागे राहायचं नाही. एका अरुंद रस्त्यावर सायकलवाला दिसला. मी इंडिकेटर दिला, गाडी बाहेर काढली, आणि समोरून व्हॅन आली. मला आत यावं लागलं, सायकलवाल्याच्या अगदी जवळ. परीक्षकाने स्वतःच ब्रेक दाबला. बाकी गाडी मी उत्तम चालवली, पण ती परीक्षा त्या क्षणीच संपली होती. पहिल्यांदा पुढे गेले नाही म्हणून नापास, दुसऱ्यांदा पुढे गेले म्हणून नापास. गाडीतून उतरल्यावर मी कीथसमोर मराठीत बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने मान हलवली आणि बॅगेतून बिस्किटांचा पुडा काढून दिला.

आणि त्याच आठवड्यात मनीषाने वॉर्डात मिठाई वाटली.

ती माझ्यानंतर नऊ महिन्यांनी आमच्याच हॉस्पिटलमध्ये आली होती. तिला घ्यायला स्टेशनवर मीच गेले होते; माझ्या खोलीत ती पंधरा दिवस राहिली. तिने कधी लायसन काढलं, कधी अर्ज केला, मला पत्ता नव्हता. कम्युनिटीची ती जागा तिला मिळाली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, लग्न नाही, पोर नाही, रात्रीची ड्युटी केली काय नि दिवसाची केली काय. मी बर्फीचा तुकडा हातात घेऊन उभी राहिले. शेवटी तो रुमालात गुंडाळून लॉकरमध्ये ठेवला.

मराठीत आपण म्हणतो, मी मागे पडले. बघा, यात दुसरं कुणीच नाही. मीच पडले, माझ्या पायाने. इंग्रजीत निदान म्हणता येतं की आय वॉज ओव्हरटेकन, कुणीतरी मला मागे टाकलं. इंग्रजीवर मी एवढी वर्षं चिडले, पण त्या दिवशी मला तेच वाक्य बरं वाटलं. तक्रार करायची सोय आहे त्यात.

महिनाभर मी मनीषाशी कामापुरतंच बोलले. एका रविवारी ती चर्चबाहेर गाडी घेऊन उभी. ती काही चर्चला येणारी नाही, माझ्यासाठीच आली होती.

"ताई, बसा. प्रॅक्टिस करू."

"कीथ आहे ना."

"कीथ तासाचे पैसे घेतो. मी फुकट शिव्या खाते. बसा."

लायसन नसलेल्याला शेजारी बसून शिकवायचं तर शिकवणाऱ्याकडे ठरावीक वर्षांचं लायसन लागतं, म्हणून गाडी तीच चालवणार होती आणि मी शेजारी बसून बघायचं होतं. तिने गाडी डोंगराकडच्या रस्त्याला घेतली. पुढे एक कॅराव्हॅन होती, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. तिने आरसा बघितला, थोडं अंतर ठेवलं, वाट बघितली, मग एका सरळ टप्प्यावर अगदी निवांत पुढे निघून गेली. घाई नाही, भीती नाही. नगरला सलाईन लावताना थरथरणारे तेच हात. मला तिचं कौतुकही वाटलं आणि त्याच क्षणी तिला गाडीतून उतरवून द्यावंसंही वाटलं.

मी विचारलंच. "मी त्या जागेसाठी लायसन काढतेय, हे तुला माहीत होतं ना?"

तिने गिअर बदलला. मग रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली, "माहीत होतं, ताई. पण मलाबी पाहिजे हुती."

बोलताना तिची नेहमीची शुद्ध भाषा सुटली होती. तिने माफी मागितली असती तर मी भांडले असते. खोटं बोलली असती तर तिचं तोंड बघितलं नसतं. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. त्यानंतर आठ रविवार आम्ही असं फिरलो. ती चालवायची, कुठे काय बघते ते मोठ्याने सांगायची, मी ऐकायचे. दोघींनी त्या जागेचा विषय परत काढला नाही.

तिसऱ्या परीक्षेत मी पास झाले. कसं, ते सांगते म्हणजे तुमचाही वैताग होईल. त्या दिवशी पूर्ण चाळीस मिनिटांत माझ्यापुढे ओव्हरटेक करण्यासारखं एकही वाहन आलं नाही. ना ट्रॅक्टर, ना सायकल. रस्ता नुसता रिकामा. मी शिकले की नशीब निघालं, हे मला कधीच कळणार नाही. कीथने टाळ्या वाजवल्या. पप्पा म्हणाले, "बघ, नीट चालवनाऱ्याला देतोच देव."

कम्युनिटीत पुढची जागा निघायला आणखी सात महिने लागले. ती मला मिळाली. तोवर मनीषाला वरची ग्रेड मिळाली होती, म्हणजे आज माझी टीम लीडर तीच आहे. सकाळी पेशंटची यादी ती पाठवते. मीटिंगमध्ये सगळ्यांना नावाने हाक मारते आणि मला 'ताई' म्हणते, आणि इंग्रज पोरी कौतुकाने विचारतात की याचा अर्थ काय. मोठी बहीण, असं ती सांगते. मी यादी बघत राहते.

नवीन ड्युटी सुरू होण्याआधी सुहासला आणि कृपाला आणायला मी राहुरीला गेले. कृपासाठी इथून लाल कोट नेला होता. जातानाच्या फोटोवरून अंदाजाने एक साइज मोठा घेतला होता. तिने हात घातले आणि बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच थांबल्या. आउटग्रो. शेख सरांचा हा शब्द मी परीक्षेत कधीच वापरला नव्हता. ती म्हणाली, "मम्मी, छान आहे," आणि तसाच घालून घरभर फिरली. तोकडा कोट आणल्याचं मम्मीला वाईट वाटू नये, एवढं तिला कळायला लागलं होतं. तेही मी नसताना.

एके दिवशी पप्पांना दवाखान्यात दाखवायला नगरला न्यायचं होतं. भावाची गाडी होती, मी म्हटलं मीच चालवते. नगर-मनमाड रस्ता. पुढे उसाची ट्रॉली, मी अंतर ठेवलं. त्या अंतरात लगेच एक रिक्षा घुसली. रिक्षासाठी अंतर ठेवलं, तर मोटारसायकल घुसली. मागून सगळे हॉर्नवर हात ठेवून बसले होते. मी इंग्लंडसारखी आरसे बघत, सायकलवाल्याला हातभर जागा सोडत चालले होते, आणि पाठीमागून एक ट्रकवाला जाता जाता खिडकीतून काहीतरी बोलून गेला. पप्पांनी बराच वेळ सोसलं. मग बिल्ल्यावाला तो माणूस मला म्हणाला, "मार की ओव्हरटेक! किती येळ त्याच्या मागं ऱ्हाती? दवाखाना बंद व्हईल."

मी गाडी कडेला घेतली आणि त्यांना विचारलं, "पप्पा, मी नेमकं काय करायचं?"

"तसं न्हाई गं," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूच, "आता समद्या गाड्या लई फास्ट झाल्या. माझ्या टायमाला असं नव्हतं." त्यांचे हात मांडीवर होते, आणि त्या हातांची नखं कुणीतरी कापून द्यायला हवी होती. नर्स असून मला ते चार दिवसांत दिसलं नव्हतं. मी परत गाडी सुरू केली. दवाखाना गाठला, पण नंबर लागायला दुपार झाली. संध्याकाळी अंगणात बसून मी त्यांची नखं कापली. 

आता सुहास आणि कृपा इथे आहेत. सुहासला गोदामात काम मिळालं. विद्यापीठातली खुर्ची सुटल्याचं तो बोलत नाही, पण संध्याकाळी शूज काढताना त्याचा उसासा ऐकू येतो. कृपा दोन महिन्यांत माझ्यापेक्षा बरं इंग्रजी बोलायला लागली. फोनवर मी इथल्या डॉक्टरांशी बोलत असले की ती हळूच माझे शब्द दुरुस्त करते. माझ्या बॅचच्या ज्या मुली दुबईला, आयर्लंडला गेल्या, त्यांना यातलं काही नवीन नाही. राहुरीत राहिलेल्यांना वाटतं, शीला पुढे गेली. कुणाच्या पुढे, ते सांगा.

कृपा परवा शाळेच्या वहीत घराचं चित्र काढताना विचारत होती, कुठलं काढू? मी म्हटलं, तुला हवं ते. मला स्वतःला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझं घर सध्या दुपारी पाऊण वाजता असतं. दुसरा पेशंट आणि तिसरा पेशंट यांच्यामध्ये रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची एक जागा आहे. दगडी कुंपणापलीकडे मेंढ्या. तिथे मी डब्यातली पोळीभाजी काढते आणि राहुरीला फोन लावते. तिकडे संध्याकाळ झालेली असते. आई सांगते, नळाला पाणी आलं नाही, शेजारच्या मावशींचा गुडघा दुखतोय, पप्पा काही ऐकत नाहीत. बाजूने ट्रक जातात, त्यांच्या वाऱ्याने माझी छोटी गाडी हलते.

"कसला आवाज गं?" आई विचारते.

"गाड्या चालल्यात."

"आन् तू?"

"मी थांबलेय. कडेला."

"मंग थांब. दूध वर येतंय, गॅस बंद करून आले."

फोन ती ओट्यावर ठेवते. पातेल्यावरची ताटली वाजते, पप्पा आतून काहीतरी विचारतात, ती काहीतरी उत्तर देते. तेवढ्यात स्क्रीनवर मनीषाचा मेसेज येतो: ताई, पुढच्या पेशंटकडे निघालात का? मी तो वाचते, तसाच ठेवते, आणि फोन कानाला लावून थांबते.